तंतूच्या टोकाला आकडा

दिवाळीच्या आगेमागे पारोळ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात होते. भाव सकाळीच कळलेला असतो. दुपारपर्यंत लोक एकमेकांना विचारत असतात ते वेगळंच: ओलावा किती दाखवला?

सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कपास निगमाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात होते आणि 12 च्या वर माल घेतला जात नाही. पहिल्या वेचणीच्या कापसावर पहाटेचं दव असतं, गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते, त्यामुळे एक-दोन टक्के इकडचे तिकडे व्हायला वेळ लागत नाही. मीटरची सुई गाडीत खुपसली जाते, आकडा येतो आणि विषय संपतो. यंत्र प्रामाणिक असेल, बहुतेक वेळा असतंच. पण गाडीवाल्याकडे तो आकडा पडताळायला काहीच नसतं. डेअरीत फॅट लागते तेव्हा हेच. नळाला गढूळ पाणी येतं आणि ‘पाणी तपासलेलं आहे’ असं उत्तर मिळतं, तेव्हाही हेच. यंत्र ज्याच्याकडे, शेवटचा शब्द त्याचा.

हा लेख आहे तो तालुक्याच्या गावात, घरच्या टेबलावर, काही शे रुपयांत जुळवता येणाऱ्या मापनयंत्रांबद्दल. साहित्य तीनच वस्तूंचं: प्लास्टिकचे प्रकाशतंतू म्हणजे ऑप्टिकल फायबर, एक एलईडी आणि हातातल्या मोबाइलचा कॅमेरा. कापसाचा ओलावा यानं नीट मोजता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणी आशेवर राहायला नको. पाण्याचा गढूळपणा, टाकीतली पातळी, पाकातली साखर, पट्टीचा वाक, पाटावर पडलेलं वजन यांचा मात्र चांगला अंदाज येतो. आणि हे यंत्र उघडून आत काय चाललंय ते दहावीच्या पोराला दाखवता येतं. माझ्या लेखी त्याची खरी किंमत तीच.

*

फायबर पारोळ्याला नवं नाही. धुळे-जळगाव महामार्गाच्या कडेनं ते पुरलेलं आहे, खेड्यापाड्यातल्या ग्रामपंचायतींपर्यंत ते नेण्याची योजना 2011 साली मंजूर झाली, आणि आता गल्लीतल्या खांबावरून घरात इंटरनेट येतं तेही त्यातूनच. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला गेलं की वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटचे कारखाने आहेत. तिथे काचेपासून असे तंतू ओढले जातात. म्हणजे माल आपल्याच मुलखातला आहे.

तरीही केबलवाल्यानं टाकून दिलेले काचेचे तुकडे या कामासाठी उचलू नयेत. तो तंतू 125 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतका जाड. उजेड ज्यातून जातो तो आतला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. त्यात साध्या एलईडीचा उजेड शिरत नाही, आणि तुटलेलं टोक बोटात घुसलं तर दिसतही नाही. चालू केबलच्या टोकात डोळा घालणं तर महाग पडेल, कारण आतला लेसर अवरक्त असतो आणि डोळ्याला जाणवत नाही.

आपल्याला हवा तो प्लास्टिकचा. बालाजीच्या रथोत्सवात खेळण्यांच्या गाडीवर एक दिवा मिळतो: बारीक पारदर्शक काड्यांचा झुपका, खाली रंग बदलणारा बल्ब, आणि काड्यांची फक्त टोकं चमकतात. तोच हा तंतू. एक मिलिमीटर जाडीचा मीटरवर विकतही मिळतो. आतला गाभा ॲक्रिलिकचा, त्याचा अपवर्तनांक 1.49, बाहेरून दुसऱ्या प्लास्टिकचा पातळ थर, त्याचा 1.40 च्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या फरकामुळे तिरका आलेला उजेड भिंतीवरून आतच परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, हे पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पाहिलेलं फार थोड्यांनी असतं. जिनिव्हाच्या जाँ-दानिएल कोलादोनं 1840 च्या दशकाच्या आरंभी टाकीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत उजेड सोडला, तेव्हा उजेड धारेबरोबर वाकून खाली आला. प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून, समोरून लेसर पॉइंटर धरून, अंधारात हे कुणालाही करता येतं.

पुढचा टप्पा आपल्याकडच्या माणसाचा. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करत होते. दोघांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेलं आणि 1954 साली ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. मग 1966 मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कित्येक किलोमीटर नेता येईल. त्यांना 2009 चं नोबेल मिळालं, कपानींना मिळालं नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही.

दूरसंचारवाल्यांची सगळी धडपड उजेड गळू नये म्हणून. तंतू वाकला, दाबला गेला, वरचा थर खरवडला गेला, त्याला पाणी लागलं की उजेड बाहेर पडतो आणि त्यांचं नुकसान होतं. मोजणाऱ्याचं भांडवल नेमकं तेच. किती गळलं ते पलीकडच्या टोकाला मोजा, म्हणजे मधे काय झालं ते कळतं. शिवाय तंतूत वीज नाही. पाण्याच्या टाकीत सोडला तर शॉकची भीती नाही, आणि जिनिंगमध्ये, जिथे एका ठिणगीनं गंजी पेटतात, तिथे टोकाशी ठिणगी पडण्याचा प्रश्नच येत नाही.

उरलं ते मोजणं. इथे कॅमेरा कामाला येतो. प्रत्येक तंतूला स्वतंत्र प्रकाशमापक लावायचा म्हटलं तर दहा तंतूंना दहा सर्किटं. कॅमेऱ्यासमोर दहाच्या दहा टोकं एका पट्टीत रोवून ठेवली की एका फोटोत दहा मोजमापं होतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सुमारे 4000 गुणिले 3000 ठिपके. एका टोकाचा गोल 40 गुणिले 40 ठिपक्यांत मावतो असं धरलं, तर प्रत्येक टोकामागे 1600 ठिपके मिळतात. त्यांची सरासरी घेतली की एकेका ठिपक्याची अस्थिरता सुमारे 40 पटींनी खाली येते, कारण 1600 चं वर्गमूळ 40. स्वस्त कॅमेरा बरा आकडा देतो तो या हिशेबामुळे.

*

आता प्रत्यक्ष एक यंत्र, पाण्याचा गढूळपणा मोजण्याचं.

गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची डबी घ्यायची, आतून काळा रंग द्यायचा. एकाच उंचीवर तीन भोकं: एकातून उजेड आत येणार, दुसरं त्याच्या बरोबर समोर, तिसरं दोघांशी काटकोनात. भोकांत तंतू बसवून ग्लू गननं पक्के करायचे. स्वच्छ पाण्यात उजेड सरळ समोर जातो. बाजूचा तंतू जवळजवळ काळा राहतो. पाण्यात मातीचे कण असले की उजेड विखुरतो: समोरचा तंतू मंदावतो, बाजूचा उजळतो. प्रयोगशाळेतलं टर्बिडिटी मीटरही काटकोनातला हा विखुरलेला उजेडच मोजतं. त्याचं एकक एनटीयू. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत हवा. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात.

सगळी गंमत तंतूचं टोक कापण्यात आहे. कात्रीनं कापलं तर टोक चेपतं आणि निम्मा उजेड तिथेच विखुरतो. नवं ब्लेड घ्यायचं, तंतू टाइलवर धरायचा, एका दाबात आडवा कापायचा. मग पॉलिश पेपर ओला करून त्यावर टोक उभं धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं, आधी 600 नंबर, मग 1000, शेवटी 2000. टोक भिंगाखाली पाहिलं तर आधी दुधाळ दिसतं, 1000 नंतर रेघा उरतात, आणि 2000 वर नीट घासलं की गोल काळसर आणि चकचकीत होतो, त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. हे दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. यंत्र चालत नाही म्हणून टाकून देणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच घाई करतात.

दुसरी टोकं मिठाईच्या खोक्याच्या एका भिंतीत रांगेनं रोवायची. खोक्याला आतून काळा कागद, समोरच्या भिंतीला मोबाइलच्या लेन्सएवढं भोक. अंतर दहा सेंटिमीटरच्या खाली नको, बहुतेक फोन त्याहून जवळचं स्पष्ट धरत नाहीत. कुठलं टोक कुठल्या डबीचं हे विसरायला होतं. प्रत्येक तंतूच्या दुसऱ्या टोकाला टॉर्च दाखवून कोण उजळतं ते कागदावर लिहून ठेवलं की भानगड मिटते. एलईडी बॅटरीवर चालवायचा. आपल्याकडची वीज दुपारी एक असते आणि मोटारी सुरू झाल्यावर दुसरीच.

मोबाइल इथे एक खोडी करतो. त्याचा कॅमेरा आपल्याला खूश ठेवायला बनवलेला आहे. दृश्य अंधारलं की तो आपणहून फोटो उजळ करतो. म्हणजे पाणी गढूळ होऊन समोरचा तंतू मंद झाला, तरी फोटोत तो पूर्वीइतकाच तेजस्वी दिसणार. म्हणून प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही पक्के करायचे. फोन देत असेल तर रॉ स्वरूपात फोटो घ्यायचा, कारण जेपीईजीमध्ये डोळ्याला बरं वाटावं म्हणून उजेडाचं प्रमाण मुळातच वाकवलेलं असतं: आकडा दुप्पट झाला म्हणजे उजेड दुप्पट झाला असं तिथे म्हणता येत नाही. आणि कुठलंही टोक पांढरंफटक, म्हणजे 255 ला टेकलेलं नको. तिथे गेलेला आकडा काहीच सांगत नाही.

शिवाय एक चौथा तंतू लागतो. तो एलईडीकडून पाण्यात न जाता थेट कॅमेऱ्यासमोर आणायचा. बॅटरी उतरली, एलईडी तापला, फोन हलला, तरी त्याचा आकडा इतरांबरोबर वरखाली होतो. बाजूच्या तंतूच्या आकड्याला याच्या आकड्यानं भागलं की असे बरेचसे दोष छेद जाऊन उडतात. समजा, साक्षीदार तंतू 180 दाखवतो आणि बाजूचा 18, गुणोत्तर 0.1. बॅटरी उतरल्यावर 150 आणि 15 झाले, तरी गुणोत्तर 0.1 च. हा चौथा तंतू लावला नाही तर बाकीच्या तिघांवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

फार गढूळ पाण्यात अजून एक गोम आहे. कण इतके होतात की विखुरलेला उजेडही बाजूच्या तंतूपर्यंत पोचत नाही, आणि आकडा पुन्हा उतरायला लागतो. म्हणजे पुराचं पाणी आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी सारखंच दिसू शकतं. अशा वेळी समोरच्या तंतूकडे पाहायचं. तो विझलेला असेल तर नमुना पातळ करून पुन्हा मोजायचा.

गुणोत्तराचा एनटीयू करायचा तर प्रमाण नमुने लागतात. प्रयोगशाळा फॉर्माझिन वापरतात. ते ज्यापासून बनतं ती रसायनं विषारी, घरात आणू नयेत. सोपा मार्ग असा: दोन-तीन वेगवेगळ्या पाण्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणायचे, त्याच पाण्यावर त्याच दिवशी आपली डबी लावायची आणि आलेखावर रेघ ओढायची. माती जड, लवकर बसते; मोजण्याआधी बाटली हलवायला विसरू नये.

एकदा रेघ जुळली की तुरटी घालून पाहावी. पावसाळ्यात बोरी नदीचं पाणी तांबूस-मातकट होतं तेव्हा घराघरात तुरटीचा खडा फिरतो, पण आत काय घडतं ते डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याचा व्हिडिओ चालू ठेवला तर दिसतं. तुरटी विरघळल्यावर काही मिनिटांत बाजूच्या तंतूचं टोक लुकलुकायला लागतं. बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे झालेले असतात आणि एकेक गोळा उजेडाच्या वाटेतून जाताना चमकून जातो. मग लुकलुक कमी होते, टोक हळूहळू काळं पडत जातं: गाळ बसला. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांसाठी हीच लुकलुक मोजणारी महागडी उपकरणं मिळतात.

आता दहा डब्या करा. किल्ल्यामागची गल्ली, बाजारपेठ, महामार्गापलीकडची वस्ती, जिथे जिथे नळ आहे तिथलं पाणी एका वेळी आणा आणि एकच फोटो काढा. (हा किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 च्या सुमाराला बांधलेला, खंदकासकट. पाण्याची फिकीर या गावाला तेव्हापासूनची.) एखाद्याच गल्लीचं टोक उजळ दिसलं, तर दोष धरणात किंवा टाकीत नसून त्या गल्लीच्या पाइपात आहे. हे सांगायला एनटीयूसुद्धा लागत नाही, तुलना पुरते.

*

हा पोरखेळ वाटत असेल तर जरा मुंबईकडे पाहा. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी, तपनेंदु कुंडू आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी व्ही. व्ही. आर. साई यांनी तंतू यू आकारात वाकवून, त्या वाकाला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवून जैविक रेणू ओळखणारा संवेदक केला. त्यावरचा त्यांचा निबंध 2009 चा आहे. वाकवलं की गाभ्यातला उजेड भिंतीबाहेर जास्त डोकावतो आणि बाहेर काय चिकटलंय त्याचा परिणाम जास्त होतो, हे त्यातलं तत्त्व. घरच्या घरी याचं गरीब रूप होतं: तंतूचा वरचा थर दोन सेंटिमीटर खरवडा, तो भाग मेणबत्तीपासून लांब धरून किंचित ऊब देत यू आकारात वाकवा, आणि आधी पाण्यात, मग साखरेच्या वाढत्या पाकांत बुडवा. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, साखर वाढते तसा तो गाभ्याच्या 1.49 कडे सरकतो आणि उजेड गळत जातो.

एका कॅमेऱ्यावर शेकडो तंतू ही युक्ती खगोलशास्त्रज्ञांनी आधीच पराकोटीला नेली आहे. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेमध्ये ॲल्युमिनियमच्या तबकडीला आकाशातल्या दीर्घिकांच्या जागांवर भोकं पाडत आणि माणसं दिवसा हातानं 640 तंतू त्यात खोचत. कुठला तंतू कुठल्या भोकात गेला हे ओळखायला ते काय करत? तंतूंमधून उजेड सोडून पाहत. मिठाईच्या खोक्यावर आपण टॉर्च दाखवतो तेच. जुन्नरजवळच्या खोडदला जीएमआरटी या दुर्बिणीच्या 30 अँटेनांमधून आलेले संदेश मुख्य इमारतीत येतात तेही प्रकाशतंतूंतूनच.

आणि स्वस्ताईचा धडा नाशिकच्या माणसाकडून घ्यावा. रमेश रासकर नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकले, पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कॅमेरा कल्चर हा गट त्यांनी चालवला. सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रं टिपण्याइतक्या वेगाच्या छायाचित्रणासाठी त्यांचं नाव जगभर झालं. 2016 मध्ये त्यांना पाच लाख डॉलर्सचं लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं: 2010 सालचं नेत्रा. मोबाइलच्या पडद्यावर एक स्वस्त जोड लावायची, त्यातून पाहत रेघा जुळवायच्या, आणि चष्म्याचा नंबर मिळवायचा. महागडा भाग, म्हणजे बारीक ठिपक्यांचा पडदा, गिऱ्हाइकाच्या खिशात आधीच होता. रासकरांनी फक्त उरलेलं बनवलं. फायबर-कॅमेऱ्याची सगळी कल्पना याच हिशेबावर उभी आहे.

याहून जुनं उदाहरण पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात गेले आणि 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुलं तिथे हातानं काम करत विज्ञान शिकतात. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅब या कल्पनेचा अमेरिकेबाहेरचा अगदी सुरुवातीचा प्रयोग पाबळलाच झाला. शेतकऱ्यांना तिथे हवी होती ती उपकरणं दूध तपासण्याची आणि डिझेल इंजिन जुळवण्याची. बघा, पुन्हा दूधच. ज्याचा आकडा दुसऱ्याच्या हातात, त्याचंच यंत्र माणसाला आधी बनवावंसं वाटतं.

*

दोष लपवण्यात अर्थ नाही. मोबाइलचा साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रं घेतो, म्हणून सेकंदाला पंधरापेक्षा जास्त वेळा हलणाऱ्या गोष्टी यानं मोजता येत नाहीत. मोटारीच्या कंपनाचा नाद सोडावा. ॲक्रिलिकचा तंतू सत्तरेक अंशांपर्यंत टिकतो, आपल्या मे महिन्याला तो घाबरत नाही. फोन मात्र उन्हात तापून बंद पडतो. तंतूत दर मीटरला सुमारे 4 टक्के उजेड आपोआप कमी होतो, तेव्हा घरातून विहिरीपर्यंत तो नेण्याची स्वप्नं नकोत. डबीच्या भिंतीवर शेवाळ धरलं की आकडा हळूहळू खोटा होतो, आणि हळूहळू खोटा होणारा आकडा एकदम चुकणाऱ्यापेक्षा वाईट.

कायद्याचंही आहे. व्यापारातल्या मापाला वैधमापन कायद्याचं बंधन आहे. मिठाईच्या खोक्यावर कुणी पावती रद्द करणार नाही, आणि करूही नये. घरच्या यंत्राचं काम तेवढं नाहीच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ‘पाणी गढूळ येतं’ असं म्हणणं वेगळं, आणि ‘या तीन गल्ल्यांत इतरांपेक्षा चौपट उजेड विखुरतो, हे बघा महिन्याभराचे फोटो, आता तुमच्या प्रयोगशाळेतून तपासा’ असं म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

साधनांची आता फारशी ओरड नाही. अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळेला पाच वर्षांत मिळून 20 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या मुलाला 10,000 रुपये. तरी बऱ्याच शाळांत थ्रीडी प्रिंटर पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला दिसतो, आणि प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्की यांचीच गर्दी असते. त्यापेक्षा पुण्यात आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पाहून यावी. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती उभी राहिली, इमारतीचं नाव पुलस्त्य. अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवलं.

रामन यांचा शोध 28 फेब्रुवारी 1928 चा. बोगद्यांत आणि वीजवाहिन्यांत तंतूच्या सबंध लांबीवरचं तापमान सांगणारी यंत्रं त्याच रामन परिणामावर चालतात. दरवर्षी 28 फेब्रुवारीला खोडदला जीएमआरटीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं, ग्रामीण शाळांची मुलं आपापली उपकरणं घेऊन येतात. पारोळा, अमळनेर, एरंडोल, धरणगावच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे: दिवाळीची सुट्टी संपली की चार मुलं गोळा करा, मिठाईचे खोके फेकू देऊ नका, आणि फेब्रुवारीपर्यंत दहा डब्यांचं यंत्र उभं करा. कुणी येऊन ‘हाई काय शे?’ म्हणून विचारलं तर मुलांनाच सांगू द्या. पहिला नमुना आपल्याच शाळेच्या पाण्याच्या टाकीचा घ्या, आणि जो आकडा येईल तो तारखेसकट फळ्यावर लिहा.